नेढ्यातलं चामडं : एका जुन्या कुऱ्हाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

जुन्या कुऱ्हाडी जमवायच्या आणि नीट करायच्या, हा नाद मला बरीच वर्षं आहे. त्यातली बहुतेक पाती माझ्याकडे दांड्याविना येतात. लोखंड टिकतं, लाकूड टिकत नाही. ते कुजतं, किडतं, मोडतं, शेवटी सरपणात जातं. त्यामुळे आलेल्या दांड्याकडे फारसं न बघण्याची सवय मला लागून गेली होती. पुढे जे झालं त्यात या सवयीचा मोठा वाटा आहे.

ही कुऱ्हाड एका तिशीतल्या मुलीनं आणली. तिची ओळख राखायची म्हणून इथे तिला नुसतं नात म्हणतो. कुऱ्हाड तिच्या आजोबांची, आईच्या वडिलांची. लाकूडतोडीच्या कामावरच त्यांचं आयुष्य गेलं. पिशवीतून तिनं आधी पातं काढलं. त्याच्या नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या आरपार भोकात, मोडक्या दांड्याचा बुंधा अडकून राहिलेला होता. मग जुन्या कापडात गुंडाळलेला उरलेला दांडा काढला.

“काका, ही मला वापरायचीय,” ती म्हणाली. “भिंतीला टांगायला नकोय. लाकडं मी स्वतःच फोडते, ती आजोबांच्या कुऱ्हाडीनं फोडायचीत.”

मी हो म्हटलं. मोडका दांडा हातात घेऊन तिला सांगितलं, “याचं आता काही होणार नाही.” ती म्हणाली, “नसेना का, पण टाकू नका.” मी तो खिडकीत ठेवून दिला.

हातात आलेली वस्तू

एका बाजूला धार असलेलं पातं, बुंध्यासकट दीड किलोच्या आसपास. मागच्या टोकापासून धारेपर्यंत १८ सेंटिमीटर, धारेची रुंदी साडेनऊ. सगळीकडे तांबूस गंज, काही ठिकाणी पापुद्रे सुटलेले. धारेत मध्यापासून जरा पुढच्या कोपऱ्याकडे ३ मिलिमीटर खोल खाच होती. तो कोपरा बराच झिजलेलाही होता. घाव निसटला की कुऱ्हाडीचा पुढचा कोपरा मातीत आणि दगडात रुततो, त्याची ही खूण.

सगळ्यात बोलकी होती ती मागची बाजू. तिच्या कडा छत्रीसारख्या बाहेर वळल्या होत्या. ओंडक्यात अडकलेल्या कुऱ्हाडीवर मागून घणाचे ठोके घातले, म्हणजेच कुऱ्हाडीचा पाचरीसारखा वापर केला, की कडा अशा पसरतात. पाचर सबंध लोखंडाची असते. कुऱ्हाडीच्या मध्यभागी नेढं असतं आणि त्याच्या दोन्ही भिंती पातळ असतात. घणाचा मार त्या भिंती सोसतात. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. पसरलेल्या कडा मी पाहिल्या, “घण खाल्लाय” असं म्हणालोसुद्धा, पण पुढे त्या भिंती तपासल्या नाहीत.

फोटो दोनच काढले, दोन्ही बाजूंचे, भर दुपारच्या उजेडात. वहीत लिहिलं ते एवढंच: गंज, खाच, दांडा मोडका.

पहिला निर्णय : खाच किती काढायची

पातं बेंच व्हाइसमध्ये अडकवून मी सरळ कानस हातात घेतली. धार काढण्याचं काम हाताला आवडतं, दहा मिनिटांत फरक दिसू लागतो.

ग्राइंडर मी जुन्या पात्यांना लावत नाही. पोलादाला पाणी दिल्यानंतर, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केल्यानंतर, पुन्हा बेताचं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. दगडाच्या फिरत्या चाकावर पातळ धार काही सेकंदांत त्याच्या पुढे तापते. २२० अंश सेल्सिअसच्या सुमाराला फिकट पिवळा रंग येतो, ३०० च्या आसपास निळा. निळा दिसला की धारेचं पाणी उतरलं, आणि ती जागा घासून काढण्यावाचून दुसरा इलाज उरत नाही. कानशीनं हे होत नाही. शिवाय कानस पोलादाचा कस सांगते. कुऱ्हाडीची धार रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर साधारण ५० ते ५८ असते, कानस ६० च्या वर. म्हणून चांगल्या धारेला कानस लागते, पण कुरकुरत लागते. नुसती घसरली तर धार ठिसूळ आहे, लोण्यासारखी शिरली तर पाणी गेलेलं आहे. इथे कानस हवी तशी लागत होती.

दीडेक मिलिमीटर उतरल्यावर मी थांबलो, कारण आता ठरवायचं होतं. खाच पूर्ण घालवायची तर सबंध धार ३ मिलिमीटर मागे न्यावी लागणार होती. तेवढं पोलाद मुळात शिल्लक आहे का?

हा प्रश्न जुन्या कुऱ्हाडीलाच पडतो. १८५६ मध्ये पोलाद बनवण्याची बेसेमरची पद्धत आली आणि पुढे पोलाद स्वस्त झालं, तोवर ते महाग होतं. म्हणून लोहार कुऱ्हाडीचं अंग मऊ लोखंडाचं घडवायचे आणि धारेपुरता पोलादाचा तुकडा भट्टीत तापवून घणानं त्यात सांधायचे. ही रीत त्यानंतरही पुष्कळ काळ चालू राहिली. अशी कुऱ्हाड घासत घासत पोलाद संपलं की खाली मऊ लोखंड लागतं. त्याला धार येते, पण टिकत नाही.

सांधा बघायला व्हिनेगर पुरतं. धारेजवळची दोन-तीन बोटं जागा साबणानं धुऊन, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर काही तास गुंडाळून ठेवलं. फडकं सोडल्यावर पोलाद काळपट करडं आणि लोखंड त्याहून उजळ दिसत होतं. दोघांमधली रेघ नागमोडी, हातानं घडवलेल्या वस्तूची असते तशी. मध्यभागी ११ मिलिमीटर पोलाद होतं, झिजलेल्या कोपऱ्यात जेमतेम ४.

आणखी दीड मिलिमीटर घासलं असतं तर त्या कोपऱ्याचं आयुष्य संपत आलं असतं. लाकूड फोडताना एवढ्याशा खाचेनं काही अडत नाही. खाच अर्धी तशीच ठेवायची ठरवलं. निर्णय म्हणून तो बरोबर होता. चुकली होती ती वेळ. ही कुऱ्हाड वापरता येईल की नाही हेच अजून ठरलेलं नसताना मी तिचं दीड मिलिमीटर पोलाद जमिनीवर पाडून बसलो होतो.

दुसरा निर्णय : बुंधा कसा काढायचा

नेढ्यात अडकलेलं लाकूड काढायचे दोन-तीन मार्ग आहेत. जाळून काढतात, तो सगळ्यात वाईट, कारण आच धारेपर्यंत जाते आणि पाणी उतरतं. खालून ठोकून वर काढता येतं, पण दांड्याच्या डोक्यात ठोकलेली पाचर घट्ट असेल तर ते हलत नाही. तिसरा मार्ग ड्रिलनं ओळीनं भोकं पाडून लाकूड पोकळ करायचं आणि उरलेलं बाहेर ठोकायचं. मी नेहमी हाच घेतो आणि त्या दिवशीही घेतला.

वरच्या तोंडावर काळी, तेलकट, कडक झालेली लाकडाची टिकली दिसत होती, मध्ये पाचरीची आडवी रेघ. चार भोकं पाडली. पाचव्याला ड्रिलबरोबर लाकडाचा भुसा यायचा थांबला आणि तपकिरी, मऊ, चिवट धागे वर आले. आधी वाटलं कुजकं लाकूड असेल. चिमटीत धरून ओढलं तर दोन बोटांएवढा तुकडा निघाला, कडेला टाके घातल्याची भोकं. चामडं होतं. कशाचा तरी पट्टा कापून घेतलेला.

नेढ्याच्या डाव्या भिंतीला, मागच्या कोपऱ्यात, दांडा आणि लोखंड यांच्यामध्ये ते ठासून बसवलेलं होतं. उजवीकडे काही नव्हतं. सैल दांड्याला चामड्याची चकती घालण्यात नवल नाही, पुष्कळ लोक घालतात. नवल होतं ते एकाच बाजूला, एकाच कोपऱ्यात घालण्याचं. दांडा मुळात बारीक तासला गेला असता तर फट दोन्हीकडे असती. फट एकाच कोपऱ्यात आहे, म्हणजे त्या कोपऱ्यात लोखंडच दूर सरकलेलं असणार.

मी ड्रिल खाली ठेवलं. आत चामडं किती थरांचं होतं, किती खोल गेलं होतं, पाचर कोणत्या लाकडाची होती, हे सगळं एव्हाना भुशात मिसळलं होतं. जे हाती लागलं ते वेचून पाकिटात घातलं.

आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात सापडलेल्या माणसाबरोबर तांब्याची कुऱ्हाड होती, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. नुसतं तांब्याचं पातं कुठेही मिळालं असतं तर ते पातंच राहिलं असतं. तिथे यू लाकडाचा दांडा होता, पातं चिकटवायला वापरलेलं बर्चचं डांबर होतं, वर चामड्याचे पट्टे आवळलेले होते. ती वापरली कशी जायची हे त्यावरून कळलं. हे मी लोकांना हौसेनं सांगत आलो आहे, आणि माझ्या टेबलावर आलेल्या लाकडाला आणि चामड्याला मीच भोकं पाडली.

भेगेचा शोध

उरलेला बुंधा मी पटाशीनं, हलक्या हातानं काढला. मग पातं सुतळीला टांगून लोखंडी खिळ्यानं टिचकी मारली. शेजारी त्याच वजनाचं दुसरं, धडधाकट पातं टांगलं होतं. ते घंटेसारखं वाजून बराच वेळ घुमत राहिलं. नातीच्या पात्याचा आवाज थड असा आला आणि तिथेच विरला.

मग रॉकेल आणि खडू. नेढ्याच्या भिंती आतून-बाहेरून घासून रॉकेलानं ओल्या केल्या, पंधरा मिनिटं तशाच ठेवून कोरड्या पुसल्या आणि त्यावर खडूची पूड झटकली. भेगेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर पाझरतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. डाव्या भिंतीत, मागच्या कोपऱ्यात, बरोबर चामडं होतं त्या जागी रेघ आली. आतून १९ मिलिमीटर लांब. बाहेरच्या अंगाला तिचा ७ मिलिमीटरचा शेवट गंजाच्या पापुद्र्याखालून डोकावत होता.

घणाच्या माराने भिंत फाटली, फाटलेल्या ठिकाणी नेढं किंचित उघडलं, दांडा तिथे सैल झाला आणि आजोबांनी ती फट चामड्यानं भरली. हा माझा तर्क. भेग त्यांना दिसली होती की फक्त सैलपणा जाणवला होता, हे सांगता येणार नाही. पण नातीच्या आईनं नंतर एक आठवण सांगितली. शेवटच्या वर्षांत ते ही कुऱ्हाड दुसऱ्या कुणाला हातात घेऊ देत नसत. घरच्यांना वाटायचं, जीव आहे त्यांचा तिच्यावर.

पर्याय

नातीला बोलावून घेतलं. खडूवरची रेघ पुन्हा उमटवून दाखवली आणि झालेलं सगळं सांगितलं. घासलेलं पोलाद आणि भोकं पाडलेलं चामडंही.

“घट्ट दांडा बसवला तर चालेल ना?” तिनं विचारलं.

तिला वाटत होतं की घट्ट दांडा पात्याला धरून ठेवेल. खरं तर उलट होतं. दांडा घट्ट होतो तो पाचरीमुळे, आणि पाचर लाकूड फाकवून नेढ्याच्या भिंती सतत बाहेर ढकलत असते. भेग असलेल्या भिंतीवर हा जोर कुऱ्हाड कोपऱ्यात उभी असतानाही चालूच राहतो. वर दर घावाचा हिसका. भेग वाढत वाढत एक दिवस भिंत सुटते आणि किलोभराचं लोखंड डोक्यावरून येणाऱ्या वेगात हातातून निसटतं. हा पर्याय मी तिच्यासमोर ठेवलाच नाही. तो का नाही, एवढंच समजावून सांगितलं.

दुसरा पर्याय वेल्डिंगचा, आणि त्यावर आम्ही बराच वेळ घालवला. मी ते काम जाणणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला पातं दाखवलं होतं. त्याचं म्हणणं असं: भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती पुढे सरकायची थांबवता येईल, भेग व्ही आकारात कोरून भरता येईल, आच धारेकडे जाऊ नये म्हणून धार पाण्यात बुडवून ठेवता येईल. पण हे जुनं, तंतुमय लोखंड. त्यात धातू गाळताना राहिलेल्या मळीचे बारीक धागे असतात. वेल्ड किती पकडेल आणि शेजारी नवी भेग सुरू होईल का, याची खात्री तो देईना. “दिसायला झकास होईल. घाव घालायला द्यायची असेल तर मी नाही करणार,” असं त्यानं स्पष्ट सांगितलं. वेल्ड केल्यावर भेग झाकली गेली असती आणि पुढच्या पिढीत कुणीतरी ती धडधाकट समजून उचलली असती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तिसरा, कुऱ्हाड जपून ठेवायची, वापरायची नाही. मला हाच योग्य वाटत होता आणि मी तसं म्हणालो.

ती बराच वेळ बोलली नाही. “म्हणजे आजोबांच्या कुऱ्हाडीनं लाकूड नाहीच फोडायचं.”

मग ती उठली आणि खिडकीतला मोडका दांडा घेऊन आली. खालच्या फुगीर टोकापासून वीतभर वर लाकूड काळंभोर आणि गुळगुळीत झालेलं होतं, एका अंगाला किंचित खोलगट. तिनं तिथे हात धरला. तळव्याखाली तो खोलगट भाग बरोबर आला.

“काका, दांडा पण आजोबांचाच आहे ना? त्यांनीच केलेला. असाच दुसरा नाही करता येणार?”

चौथा पर्याय असा तिच्याकडून आला. मला तो सुचला नव्हता. दांडा ही बदलायची वस्तू असंच मी धरून चाललो होतो.

काय केलं

जुन्या पात्याचा गंज घालवायचे बरेच मार्ग होते. तारेचं फिरतं चाक लवकर काम करतं, पण खालची कातडीही चकचकीत करून टाकतं. व्हिनेगरमध्ये सबंध बुडवलं तर गंजाबरोबर जुना काळपट थरही जातो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर जोडून, पातं ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंड धन टोकाला लावलं की गंज छान सुटतो. मात्र धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. आणि त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ते काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब करायचं.

आम्ही पातं उकळलं. स्वच्छ धुऊन, तेलाचा अंश काढून, डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा-पाऊण तास. तांबडा गंज उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि हा काळा थर लोखंडाला धरून राहतो. उकळत्या पाण्याची १०० अंशांची आच पोलादाच्या पाण्याला धक्का लावत नाही. बाहेर काढून मऊ ब्रशनं सुटी काजळी झाडायची आणि पुन्हा उकळायचं. तीन वेळा केलं. तांबूस पातं काळंशार झालं, एक कणही न घासता. फक्त मी कानस लावलेली पट्टी पांढरी चकचकीत राहिली, कारण तिथे बदलायला गंजच नव्हता.

तेल लावून पातं दिव्याखाली तिरपं धरलं, तेव्हा उजव्या अंगावर टोच्यानं उमटवलेली तीन टिंबं आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ दिसली. नातीनं फोटो आईला पाठवला. तासाभरात उत्तर आलं: बाबांची खूण, त्यांच्या कोयत्यावरही होती. पहिल्याच दिवशी मी तारेचं चाक लावलं असतं तर ही टिंबं राहिली असती की गेली असती, याचा विचार मी अजूनही करतो.

आता दांडा. मोडलेले तुकडे कागदावर जुळवून बाह्यरेषा काढली. एकूण ७४ सेंटिमीटर. दर पाच सेंटिमीटरवर रुंदी आणि जाडी कॅलिपरनं मोजली. बाजारच्या जाड, एकसारख्या दांड्याशी त्याचं काही नातं नव्हतं. मध्ये तो चांगलाच बारीक होता, म्हणजे घावाचा हिसका हाताला पोचण्याआधी दांडा थोडा लवायचा. मोडलेल्या जागी तंतू पाहिले तर ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेलेले होते. लाकूड करवतीनं कापलेलं नव्हतं, फाडलेलं होतं. करवत तंतूंना न विचारता सरळ जाते. फाडलेलं लाकूड तंतूंच्याच वाटेनं सुटतं आणि म्हणून सहज मोडत नाही. हा मोडला तो पात्याच्या अगदी खाली. घाव लांब पडून दांडाच ओंडक्यावर आपटल्याचे वळ तिथे एकावर एक होते.

नव्या दांड्यासाठी मी वाळलेला धामणीचा ओंडका फाडला. हिकरी, अ‍ॅश, धामण ही लाकडं दांड्यासाठी नावाजलेली आहेत ती चिवटपणामुळे. वर्षवलयं नीट दिसत नसतील तर तंतूंची दिशा बघायची, आणि ती टोकापासून टोकापर्यंत दांड्याबरोबर जायला हवी. तासण्याचं निम्मं काम नातीनं केलं. मापाचा कागद समोर, पण शेवटी शेवटी ती डोळे मिटून जुना दांडा एका हातात आणि नवा दुसऱ्या हातात धरून बघायची आणि म्हणायची, “इथे अजून जाड लागतोय.”

पातं मी माझ्या पेटीतलं दिलं. कित्येक वर्षं तेलात ठेवलेलं, १ किलो ३०० ग्रॅमचं, एका बाजूला धार असलेलं. देताना जड गेलं हे खरं आहे. टिचकी, रॉकेल-खडू, कानस या तिन्ही परीक्षा तिच्यासमोर घेतल्या आणि मगच दांड्याला हात घातला.

नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश चीर दांड्याच्या डोक्यात घेतली. मग पातं खाली लटकतं ठेवून दांडा उभा धरला आणि वरच्या टोकावर लाकडी हातोडीनं ठोकलं. जड पातं जागच्या जागी राहू पाहतं आणि दांडा त्यातून पुढे सरकतो. जमिनीवर आपटण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं बसतं. सुक्या लाकडाची पाचर ठोकून दांडा नेढ्याच्या वर ४ मिलिमीटर ठेवला. शेवटी जवसाचं तेल, पातळ हात, मध्ये एकेक दिवस सोडून. तेलाची फडकी पसरून वाळत घातली. बोळा करून टाकली तर जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात.

निष्पत्ती

नात त्या कुऱ्हाडीनं लाकूड फोडते आहे. पहिल्या दीड महिन्यात एक अडचण आली. कोरड्या हवेत पातं किंचित हललं, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवली. सकाळी पातं घट्ट, चार दिवसांनी आधीपेक्षा सैल. लाकूड पाण्यानं फुगतं, पण लोखंडाच्या नेढ्यात फुगायला जागा नसते, मग तंतू आतल्या आत चेपतात आणि वाळल्यावर दांडा पहिल्याहून बारीक होतो. दांडा पुन्हा खालून चढवला, जुनी पाचर काढून जरा जाड पाचर घातली. आता बसला आहे.

आजोबांचं पातं, मोडका दांडा आणि चामड्याचे तुकडे एका लांबट पेटीत आहेत. भेग कुठे आणि किती ते पेटीच्या झाकणाच्या आत लिहिलं आहे. पात्याच्या नेढ्यातून तार ओवून पितळी पट्टी बांधली आहे: “भेग आहे. दांडा बसवू नये.” कागद हरवतो, पेटी वेगळी होते. पट्टी पात्याबरोबर राहील.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम बदलेन. आधी मागची बाजू आणि नेढं, मग धार. मागच्या कडा पसरलेल्या दिसल्या की तिथेच थांबून भिंती तपासायच्या. बुंधा आत असला तरी बाहेरून रॉकेल-खडू करता येतो आणि ७ मिलिमीटरची ती रेघ मला पहिल्याच दिवशी दिसली असती. मग कानस उचलण्याची वेळच आली नसती.

बुंधा काढताना ड्रिलचा विचार शेवटी. आधी दोन्ही तोंडांचे जवळून फोटो, लाकूड आणि लोखंड यांच्यामधल्या फटीत बारीक सुई घालून चारही बाजूंनी चाचपणी. त्या डाव्या कोपऱ्यात सुई मऊ जागी शिरली असती. सगळे फोटो अंधाऱ्या खोलीत, एका बाजूनं तिरपा उजेड टाकून. तीन टिंबं त्या उजेडात गंजाखालीसुद्धा दिसली असती असं मला वाटतं.

मालकाशी पहिलं बोलणंही वेगळं करेन. “काय करून हवंय” हे मी विचारलं होतं. “वापरायला योग्य नाही निघाली तर काय” हे विचारलं नव्हतं, त्यामुळे ते बोलणं निराशेच्या क्षणी करावं लागलं. आणि कुऱ्हाड देताना बादलीचं सांगेन. मला ते इतकं माहीत होतं की दुसऱ्याला सांगायला हवं हे सुचलंच नाही.

वेल्डिंग न करण्याबद्दल मात्र मत बदललेलं नाही.

पेटी नेताना मी नातीला म्हटलं, कानशीची ती पांढरी पट्टी डोळ्यांत खुपते, ओल्या हवेत ठेवून थोडा गंज चढू देऊ, पुन्हा उकळू, उरलेल्या पात्यासारखी काळी होईल. तिनं पट्टीवरून अंगठा फिरवला.

“नको काका. आजोबांनी घण मारला तो दिसतोय, चामडं घातलं ते दिसतंय. तुम्ही कानस लावलीत, तेही दिसू दे.”

पट्टीवर फक्त तेलाचा हात फिरवला आणि पेटी बंद केली.